हितनं, हिकडं

“मेलं न्हाई वो. दमलंय नुस्तं. आत घ्या.”

आवाज काउंटरच्या खालून आला. बोलणारा दिसत नव्हता. दिसत होते ते पायरीवरचे एक गृहस्थ आणि त्यांच्या कडेवर जुन्या चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा कॅबिनेट. तापाने फणफणलेलं पोर दवाखान्यात आणावं तसा त्यांनी तो धरला होता. त्यांच्या मागे मी माझा लॅपटॉप छातीशी धरून उभी होते आणि आपला नंबर लागण्याआधीच निघून जावं का, याचा विचार करत होते.

मग मामा वर आले. साठीच्या अलीकडचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन स्क्रूड्रायव्हर आणि धूळ झाडायला एक दाढीचा ब्रश. त्यांनी चादर बाजूला केली, कॅबिनेटच्या पाठीवर तळहात ठेवला, कान लावला, मग मागच्या पंख्याशी नाक नेऊन वास घेतला.

“वय?”

“बारा-तेरा वर्षं झाली की.”

“खुराक?”

गृहस्थ गोंधळले.

“रॅम वो, रॅम. किती हाय?”

“दोन जीबी.”

“मग दमंल न्हाई तर काय! दोन घासावर दिवसभर राबवताय त्याला. तुमी जेवलाय का सकाळी?”

“जेवलोय.”

“बघा म्हंजे.”

हा अपमान होता की विचारपूस, हे मला कळलं नाही. गृहस्थांनाही कळलं नसावं, पण ते हसत गेले.

सांगलीत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांच्या बायकोच्या माहेरची माणसंसुद्धा. दुकान स्टँडच्या मागच्या बोळात होतं, दहा बाय बाराचं, त्यात माणसांसाठी दोन खुर्च्या आणि कॉम्प्युटरांसाठी बाकीची सगळी जागा. काम एकच: जुन्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज टाकणं, जुनं काढून नवं टाकणं, नवं झेपत नसेल तर पुन्हा जुनं टाकणं, आणि काहीच झेपत नसेल तर लिनक्स टाकून मालकाला समजावणं. नवा कॉम्प्युटर ते विकत नसत. कुणी मागितलाच तर समोरच्या झगमगीत दुकानाकडे बोट दाखवायचे. “तिकडं जावा. जन्माला घालायचं काम तिकडं. आमी फकस्त म्हातारपण बघतो.”

मी साताऱ्याची. शाळा इंग्रजी माध्यमाची, पदवी कॉम्प्युटरची. नोकरीच्या दोन ग्रुप डिस्कशनमध्ये शेवटपर्यंत एक शब्दही न बोलता बाहेर आले होते. दुसऱ्या वेळी तर परीक्षकांना मी उमेदवार नसून पाणी द्यायला बसलेय असं वाटलं. मग आई म्हणाली, जरा मावशीकडे सांगलीला जाऊन ये, हवापालट होईल. लॅपटॉपला नवं विंडोज नको होतं, म्हणजे नव्या विंडोजला माझा लॅपटॉप नको होता. पडद्यावर तसं स्वच्छ लिहून येत होतं.

मामांनी ते वाचलं. “अपात्र म्हणतंय व्हय? आगं, अपात्र म्हणायला काय लागतंय! म्हणंनात का. बस.”

ते उघडत होते आणि मी बघत होते. त्यांनी हात पुढे केला की हवा तो स्क्रू मी न विचारता हातावर ठेवत होते. तिसऱ्या स्क्रूला त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

“कुठलं काय कुठं ठेवलंय ते ध्यानात राहतंय तुझ्या. उद्यापासनं ये.”

 दुसऱ्या दिवशी गेले. आयुष्यात मी पास झालेली ती पहिली मुलाखत.

मामा मूळचे कवठे महांकाळकडचे. वडील मेंढरं राखायचे. मामांनी मेंढरं सोडली, पण पद्धत सोडली नाही. दुकानात आलेल्या प्रत्येक कॅबिनेटच्या मागे ते ऑइलपेंटचा एक पट्टा ओढायचे. कुपवाडचा लाल, कुंडलचा निळा, मिरजेचा पिवळा. चिठ्ठ्या चिकटवू या, असं मी एकदा सुचवलं, म्हणजे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवलं. ते म्हणाले, “चिठ्ठी पडती. रंग लांबनं दिसतोय. आमचं बा डोंगराच्या ह्या अंगाला उभं राहून त्या अंगाची मेंढरं वळखायचं.” दुकानाची त्या अंगाची भिंत आठ फुटांवर होती.

कॅबिनेट उघडला की आतल्या धुळीवरून ते गाव सांगायचे. पिवळी असेल तर हळदीची पेढी. चिकट काळी असेल तर साखर कारखान्याच्या वाऱ्याचं गाव. एकदा आतून तीन बेदाणे निघाले. मामांनी त्यातला एक पुसून तोंडात टाकला आणि म्हणाले, “तासगाव. गेल्या सालचा.” मालक खरंच तासगावचे होते. साल बरोबर होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे मी तीन वर्षं शिकले होते, परीक्षेत आठ मार्कांना लिहिलं होतं. मामा ते गिऱ्हाइकाला अर्ध्या मिनिटात सांगायचे.

“विंडोज म्हंजे मुकादम. काम करतंय ते येगळं, ह्यो नुस्ता हाका मारतोय. तू हिकडं ये, तू तिकडं जा. आता नवा मुकादम आला की त्याला खुर्ची मोठी लागती, पंखा लागतोय, दोन माणसं त्याच्याच दिमतीला लागत्यात. तुमच्याकडं माणसं चारच. मग काम कोण करायचं?”

“पण मामा, जावयानं इलेव्हन टाकलंय.”

“जावयाकडं माणसं किती हायत?”

जावयाचं नाव काढणारे हे कुंडलचे एक निवृत्त गुरुजी होते. मामांनी त्यांना “कोणतं टाकू” असं विचारलंच नाही. ते कुणालाच विचारत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला: “सकाळी उठून पयलं काय उघडता?” गुरुजी म्हणाले, पेपर वाचतो, मग नातवाचा फोटो बघतो, मग पत्ते. मामांनी त्यांना सांगून-सवरून लिनक्स टाकलं. पत्ते जिथल्या तिथे ठेवले, नातू पडद्यावर लावला. वीस मिनिटांत सुरू होणारा कॉम्प्युटर वीस सेकंदांत सुरू व्हायला लागला.

पंधरा दिवसांनी गुरुजी तक्रार घेऊन आले.

“लवकर सुरू होतो हो.”

“मग?”

“मग काय! मी बटण दाबून आंघोळीला जायचो. आंघोळ, पूजा, चहा, की हा तयार. आता मी पूजेला बसतो तोवर हा उठून, वाट बघून, परत झोपलेला असतो. माझं सगळं वेळापत्रक बिघडलं.”

मला हसू आलं. दुकानात जुन्या मशीनला किंवा त्याच्या मालकाला हसायची बंदी होती, म्हणून मी टेबलाखाली स्क्रू शोधायला वाकले. मामा मात्र अगदी गंभीरपणे बसले, कॉम्प्युटर अर्धा तास झोपणार नाही अशी सोय केली आणि गुरुजींना म्हणाले, “आता पूजा सावकाश करा. त्यो बसतोय तुमच्यासाठी.” गुरुजी गेल्यावर मला म्हणाले, “मशीन अपग्रेड करशील, बाई. माणसाचा टाइम-टेबल कसा अपग्रेड करणार?”

मला ते बाई म्हणायचे, कधी सातारकर, आणि मी काही चुकवलं की म्याडम.

मामांचं भांडवल म्हणाल तर एकच होतं. बावीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाची एकही फाइल गेलेली नव्हती. हे ते स्वतः सांगत नसत, गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची. कुपवाडच्या कारखान्यांमधून जुने कॉम्प्युटर त्यांच्याकडे यायचे ते याच एका गोष्टीवर. आणि ती गोष्ट टिकून होती ती त्यांच्या एका पद्धतीवर, जिच्यामुळे मला रोज घाम फुटायचा.

कुठलीही डिस्क पुसायच्या किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या आधी ती तोंडाने बोलावी लागे. जिच्यातून घ्यायचं त्या डिस्कवर एक हात ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, “हितनं.” जिच्यावर उतरवायचं तिच्यावर दुसरा हात ठेवून म्हणायचं, “हिकडं.” मग दुकानात जो कुणी असेल त्याने बघून “व्हय” म्हणायचं. व्हय आल्याशिवाय एंटर नाही. कुणीच नसलं तर मामा रस्त्यावरून माणूस बोलवायचे. समोरचा ज्यूसवाला इतक्या वेळा व्हय म्हणून गेला होता की त्याला निम्मं काम येत असावं. एकदा बँकेतले एक साहेब होते, त्यांनी हात जोडून व्हय म्हटलं.

“मनात म्हटलं तर चालत नाही का?” असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

“मनातल्या मनात मोजलेली मेंढरं लांडग्याची,” मामा म्हणाले. “आमचं बा सांजच्याला एकेक मेंढरू हाक मारून मोजायचं. आख्ख्या रानाला ऐकू जायचं. मनात मोजलं की मन म्हणतंय, असतील की सगळी.”

मी म्हणायचे, पण पुटपुटल्यासारखं. हितनं हा शब्द माझ्या तोंडात बसत नव्हता. मी “इथून” म्हणायचे, तेही इतक्या हळू की मामा कानामागे हात धरायचे. “म्याडम, डिस्कला ऐकू गेलं, मला न्हाई गेलं.” घरी आम्ही मराठीच बोलतो, पण शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि दंडाची भीती जिभेला लागलेली. इंग्रजी मोठ्याने बोलायला आवाज नव्हता आणि मराठी मोठ्याने बोलायची सवय नव्हती. त्यामुळे मी दोन्ही भाषांमध्ये गप्प बसायला शिकले होते.

आता अण्णांचा कॉम्प्युटर.

अण्णांचा कुपवाडला छोटा कारखाना. गिअरला दात पाडणारं एक मशीन, सहा माणसं, आणि ते मशीन चालवणारा विंडोज एक्सपीवरचा जुना कॉम्प्युटर. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. त्या मशीनच्या सगळ्या खुणा, म्हणजे कुठे किती सरकायचं, कुठे थांबायचं, हे फक्त त्या कॉम्प्युटरला ठाऊक. अण्णा तो कधी बंदच करत नसत. बंद केला आणि परत सुरू झालाच नाही तर? मामा वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागले होते, “अण्णा, एकदा बंद करून द्या, जुळं करून ठेवतो त्याचं.” अण्णा म्हणायचे, “चाललंय ते चालू दे की रे बाबा. झोपलेल्याला उठवतात, जागं असलेल्याला झोपवत नाहीत.”

मग खंडेनवमी आली. कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा. दरवर्षी कॉम्प्युटरलाही हळदीकुंकू, झेंडूची माळ. त्या वर्षी ऑपरेटरने नारळ फोडला तो जमिनीवर न फोडता कॅबिनेटच्या कोपऱ्यावर फोडला. कोपरा लोखंडी होता, नारळ एका फटक्यात फुटला. पाणी आत गेलं.

मामांनी कॅबिनेट उघडला तेव्हा आत कुंकू, पाकळ्या आणि खोबऱ्याचा एक तुकडा होता.

“प्रसाद हाय,” मामा म्हणाले आणि ऑपरेटरकडे बघितलं. तो चाळिशीचा धिप्पाड माणूस काउंटरपाशी मान खाली घालून उभा होता. “आरं गड्या, देव आत बसला असता तर त्योबी भिजला असता की.”

“चुकलं मामा. दर साली अण्णा फोडत्यात. औंदा मला फोड म्हनले.”

डिस्क वाचली होती, पण कण्हत होती. ती संपायच्या आत दुसऱ्या डिस्कवर उतरवायची होती. जुन्या मशीनला मोठी डिस्क चालणार नव्हती, म्हणून मामांनी ड्रॉवरमधून अगदी तशीच एक शोधून काढली. तेच माप, तीच बनावट. मामांनी पुसलेली, कोरी. कण्हणाऱ्या डिस्कला लाल पट्टा ओढला. तोवर एक वाजला होता. मामा एक वाजता मागच्या खोलीत भाकरी खायला बसत आणि भूकंप झाला तरी उठत नसत. जाताना म्हणाले, “तारा जोडून ठेव. करायला घेतलंस तरी चालंल. पण बोलून कर.”

तारा जोडेपर्यंत दोन तरुण आत आले. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं. कोल्हापूरच्या एका कंपनीचे. कुपवाडमधले जुने कॉम्प्युटर काढून नवे बसवायचा त्यांचा विचार होता आणि इथे किती येतात याची माहिती काढायला ते आले होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत उत्तर दिलं. एकाने विचारलं, इथे इंजिनिअर तुम्ही आहात का? मी हो म्हणाले. हे खोटं नव्हतं, पण इतकं खरंही नव्हतं. बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी मला माझ्या पदवीसकट पाहत होतं.

ते बघत असताना मला दोन डिस्कांवर दोन हात ठेवून “हितनं, हिकडं” असं ओरडावं लागणार होतं. आणि मग त्यांच्याकडे वळून “व्हय म्हणा” असं सांगायचं होतं.

मी मनात म्हटलं. पडद्यावर दोन ओळी होत्या, दोन्ही अगदी सारख्या. मन म्हणालं, बरोबर असेल. मी एंटर दाबलं.

ते दोघे निघून गेले तेव्हा पडद्यावर दहा टक्के झाले होते. मी सहज डिस्कच्या पाठीवरचे आकडे पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. मग पुन्हा पाहिले. मी कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवत होते. अकरा टक्क्यांना मी भिंतीतली वायर ओढली.

मामा हात पुसत बाहेर आले. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी तारा पाहिल्या, लाल पट्टा पाहिला, माझं तोंड पाहिलं.

“पाणी पी आधी,” म्हणाले.

मी पाणी प्यायले. तेवढ्यात त्यांनी फोन उचलला होता.

“अण्णा, मी बोलतोय. तुमची डिस्क माझ्या हातनं गेली. व्हय. माझ्याच. उलटी लावली मी. बघतो काय निघतंय ते.”

फोनमधून अण्णांचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. मी ग्लास हातात धरून उभी राहिले. मध्येच बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते मला सुचलंसुद्धा होतं. पण मी नुसता ग्लास जागेवर ठेवला.

पुढचे नऊ दिवस आम्ही कुपवाडला जाऊन-येऊन होतो. पहिल्या अकरा टक्क्यांत एक्सपी होतं आणि मशीनच्या खुणा होत्या, ते सगळं गेलं. गिअरच्या कामांच्या फाइली पुढच्या भागात होत्या, त्या मामांनी एकेक करून बाहेर काढल्या. मशीनबरोबर मिळालेली मूळ सीडी कारखान्याच्या देव्हाऱ्यात, गणपतीमागे सापडली. तिच्यावर अठरा खंडेनवम्यांचं कुंकू होतं. मामांनी ती साबणाने धुतली आणि ती चालली. खुणा मात्र हाताने बसवाव्या लागल्या. ऑपरेटर मशीनवर हात ठेवून सांगायचा, “जरा पुढं... लय झालं... केसभर मागं,” आणि मामा आकडा भरायचे. मी वहीत लिहीत होते. पहिल्या गिअरचे दात पाहून ऑपरेटर म्हणाला, “मामा, ही तर म्हातारीची कवळी झाली.” नवव्या दिवशी गिअर बरोबर आला.

मशीन चाललं, पण गोष्ट पसरायची ती पसरली. अण्णा तसे दुष्ट नव्हते. काळजीने बोलायचे, आणि काळजीने बोललेलं जास्त लांब जातं. मामांना आता दिसत नाही. मामांचा हात कापतो. वय झालं. आठवड्याभरात कुपवाडचे तीन लाल पट्टे दुकानातून परत गेले. न्यायला आलेला प्रत्येक जण घरात लग्न असल्यासारखी कारणं सांगत होता.

मामा शेवटच्या माणसाला कॅबिनेट उचलून देऊन आत आले आणि म्हणाले, “चला. माझाबी सपोर्ट बंद झाला म्हणायचा. अपात्र.” आणि मोठ्याने हसले. मला हसायला आलं नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा विषय काढला. म्हणजे, “मामा, मी सांगते त्यांना,” एवढंच म्हणाले.

“काय नगं. माझं नाव बावीस वर्षं चाललंय. एक पोचा पडला तरी चालतंय. तुझं नाव अजून लागायचं हाय. पयल्याच दिवशी कोरं मशीन आपटलं तर पुढं कोण घेतंय त्याला?”

“पण ते खोटं आहे.”

“म्याडम, स्क्रू द्या.”

मी स्क्रू दिला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

मग कुपवाडच्या छोट्या कारखानदारांनी रविवारी सकाळी बैठक बोलावली. सगळ्यांकडे जुने कॉम्प्युटर, सगळ्यांच्या पडद्यावर तीच अपात्रतेची सूचना. एकदाच काय ते ठरवायचं होतं: सगळं काढून कोल्हापूरच्या कंपनीकडून नवं घ्यायचं, की मामांकडे द्यायचं. मामांना ते काम मिळालं नाही तर बोळातल्या दुकानात कुंडलचे गुरुजी आणि मी, एवढंच उरणार होतं. हे मामा बोलले नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि दाढीचा ब्रश चक्क दाढीला वापरून आले होते.

पिशवी धरायला मी गेले. पत्र्याच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती, बाई मी एकटी. कोल्हापूरच्या त्या दोघांनी पडद्यावर चित्रं दाखवली. छान बोलले. मग मामा उठले.

“ज्यांचं मशीन इंटरनेटला जोडलंय त्यांनी नवा मुकादम घ्या. झेपंल असं मी बघून देतो. ज्यांच्या कॉम्प्युटरवर यंत्र चालतंय त्यांनी जुनाच ठेवा, पण इंटरनेटची तार तोडा, आणि त्याचं जुळं करून कपाटात ठेवा. दोन करा. एक कपाटात, एक घरात. चालतंय ते भंगारात घालू नगा.”

लोक माना डोलवत होते. मला वाटलं, झालं. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून अण्णा उठले. अध्यक्ष तेच होते.

“मामा, तुम्ही सांगता ते सगळं पटतंय बघा. तुमच्या ज्ञानाबद्दल कुणी शंका घेणार नाही. पण... आता कसं सांगू? आमच्या डिस्कचं काय झालं, सगळ्यांना माहीत आहे. डोळे, हात... वय कुणाला चुकलंय? उगाच तुमच्यावर एवढा भार कशाला?”

ते अगदी मायेने बोलले. चाळीस माणसांनी मामांच्या हातांकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं, आणि मग हात मागे घेतले. त्यांनी हात मागे बांधलेले मी कधी पाहिले नव्हते.

“बरोबर हाय, अण्णा,” मामा म्हणाले. “तुमचंबी बरोबर हाय.”

ऑपरेटर भिंतीला टेकून उभा होता, तो जमिनीकडे बघत राहिला. कोल्हापूरच्या दोघांपैकी एकाने लॅपटॉपवर पुढचं चित्र आणलं.

मी उठले तेव्हा मांडीवरची पिशवी खाली पडली आणि स्क्रूड्रायव्हर सगळ्या हॉलभर घरंगळले. सगळे माझ्याकडे वळले. मामांनी हळूच म्हटलं, “बस खाली, पोरी.”  कोणत्या भाषेत बोलायचं, हे ठरवायला वेळ नव्हता.

“अण्णा,” मी म्हणाले, आणि माझा आवाज पत्र्यावर आपटून मलाच परत ऐकू आला, “तुमची डिस्क मामांनी नाही पुसली. मामा आत जेवत होते. मी पुसली. बोलून कर म्हणून त्यांनी मला सांगितलं होतं, आणि हे दोघं साहेब समोर उभे होते म्हणून मला मोठ्यानं बोलायची लाज वाटली. त्यांचे डोळे चांगले आहेत, हात चांगले आहेत. ह्या खोलीत जर कुणाच्या हातात कॉम्प्युटर द्यायचा नसेल, तर तो माझ्या हातात देऊ नका.”